सुखवंताबाईचं न्हाणं

सालेकसा तालुक्यातल्या त्या गावात बाईमाणूस गेलं, की सोयऱ्यांच्या आधी सुखवंताबाईला निरोप जायचा. शेवटची आंघोळ तिच्याच हातची. पाणी कोमट हवं, केस सोडून विंचरायला हवेत, सवाष्ण असेल तर हळद कानामागेसुद्धा पोचली पाहिजे. सासू गेली तेव्हा पुढे व्हायला कोणी धजेना म्हणून ती झाली होती. तेव्हापासून ते काम तिलाच चिकटलं.

"जिते लोक तुले काऊन बोलावतील?" नवरा हुकुमचंद म्हणायचा. "तू दारात दिसली का लोकं आपली नाडी पाहून राहतेत."

"तुमची नाडी मीच पाहीन," ती म्हणायची, आणि दोघं हसायची.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत शेजारची शामकला तापाने पडली. ताप डोक्यात चढला, तिला माणसं ओळखू येईनात, आणि दवाखान्याची गाडी यायच्या आतच ती गेली. सुखवंताने तिला न्हाऊ घातलं. ओठांवरचा फेस आपल्या पदराने पुसला. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि चुलीवर भात चढवला. लेक हर्षिता बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला भूक धरवत नव्हती.

मग शामकलेचा नवरा टेकचंद पडला. गोंदियाहून डॉक्टर आले, गावाच्या तोंडाशी दोर बांधले गेले. डॉक्टरांनी शाळेच्या पटांगणात लोकांना लांब लांब बसवून सांगितलं: रोग वटवाघळांचा आहे. रात्री ती मोहफुलं चोखून टाकतात. सकाळी वेचताना आपण त्यातलंच एखादं फूल फुंकर मारून तोंडात टाकतो. मग रोग माणसाकडून माणसाला लागतो. थुंकीतून, घामातून. मेलेल्या माणसाच्या अंगावरूनसुद्धा.

शेवटचं वाक्य ऐकून सुखवंता उठली. तिच्या डोळ्यांपुढे तो पदर आला. डॉक्टरांबरोबर आलेल्या नर्सबाईंना तिने बाजूला घेऊन विचारलं. "तुम्हाला ताप नाही तोवर पोरीला धोका नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण आजपासून वेगळं राहा."

बैलांना बाहेर आंब्याखाली बांधून सुखवंता त्यांच्या कोठ्यात राहायला गेली. हुकुमचंद दाराशी ताट ठेवायचा आणि मागे सरायचा. हर्षिता लांब, घरापुढच्या सपरीवर बसून तिच्याशी बोलायची.

तिकडे टेकचंद दवाखान्यातच वारला. त्याचं प्रेत पिशवीत बंद करूनच आणलं होतं. त्याची बहीण दुर्गेश्वरी धावली, तिने पिशवी फाडली आणि भावाच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं. कोरड्या तोंडाने भावाला कसं जाऊ द्यायचं? आता दुर्गेश्वरीच्याच नाकाला नळी होती.

आणि एका सकाळी सुखवंताचं डोकं मुसळाने कांडल्यासारखं दुखू लागलं. तिने कोठ्याला आतून कडी लावली आणि नवऱ्याला हाक मारली. "गाडीले फोन करा."

हर्षिता दाराशी आली. "माय, कडी काढ."

"मागं हो."

"मी तोंडाले कपडा बांधून येतो."

"मागं हो म्हणलं ना, बाई."

"तिथून कोणी परत नाही येऊन राहिलं." हर्षिताने दारावर हात मारला. "तुले काही झालं तं कोण न्हाऊ घालन? सारं गाव धुतलं तू. तुले तशीच जाऊ देऊ? मी पिशवी फाडीन, माय. कोणाचं ऐकणार नाही."

ही सुखवंताचीच पोर होती. म्हटलं म्हणजे करणार.

कोपऱ्यात पाण्याचा हंडा होता. उन्हाची तिरीप पडून पाणी कोमट झालं होतं. भिंतीला धरत ती हंड्याशी गेली. लोटा दोनदा निसटला. तिने केस सोडले, अंगावर पाणी घेतलं, केस विंचरले. भिंतीतल्या दिवळीत बैलाच्या जखमेला लावायची हळद होती, ती कपाळाला लावली, गालांना लावली, आणि बोटं चाचपडत कानामागे नेली. धुतलेलं लुगडं नेसायला फार वेळ लागला.

गाडी आली. पांढरे झगे घातलेली माणसं दाराशी उभी राहिली, तेव्हा तिने स्वतः कडी काढली आणि उन्हात आली. ओले केस, पिवळं तोंड. हुकुमचंदने पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"माय, हे काय केलं?" हर्षिता सपरीवरून ओरडली.

"न्हाणं झालं माहं," सुखवंता म्हणाली. जीभ जड झाली होती. "कानामागं लावली हाय हळद. तुह्यासाठी काहीच करायचं नाही ठेवलं. पोटातल्याले सांभाळ."

ती गाडीकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं असतं तर पोर धावली असती, म्हणून पाहिलं नाही.

हर्षिता सपरीची एक पायरी उतरली, आणि तिथेच थांबली.