ओला अंतरपाट

मला घाम येत नाही. कधीच आलेला नाही. अकोल्याच्या वैशाखात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, तेव्हा मी पापडासारखा कोरडा असतो. ऐकणाऱ्याला हेवा वाटतो, पण घामाशिवायचं अंग म्हणजे झाकण घट्ट बसवलेली हंडी. आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि थोड्या वेळात माणूस शिजू लागतो.

दातही मला मोजकेच मिळाले, खिळ्यासारखे टोकदार. केस विरळ, भुवया नावापुरत्या. बाकी मी देखणा आहे.

मी शाळेत असताना अमरावतीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्या पाठीला आयोडीन फासलं, ते वाळल्यावर वर आरारूटचं पीठ भुरभुरलं आणि मला उन्हात बसवलं. घाम आला की पीठ निळंकाळं होतं. माझी पाठ जशीच्या तशी राहिली. मग त्यांच्या पत्नीनं, डॉक्टरीणबाईंनी, आईला आत नेऊन तिच्या पाठीवर तोच प्रयोग केला. तिच्या पाठीवर लुगड्याच्या काठासारखे पट्टे उमटले. एका पट्ट्यात घाम, शेजारचा कोरडा.

"हा रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "बीजातली चूक आहे. लाखात एखाद्या घरी सापडते. आईकडून येते. मुलीच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यानं दिसते, मुलाला सगळीच्या सगळी मिळते."

आईचा धाकटा भाऊ लहानपणी एका उन्हाळ्यात गेला होता. त्याला ऊन लागलं, एवढंच घरात सगळे म्हणत आले होते.

त्या दिवसापासून आईनं मला कोरडं राहू दिलं नाही. डोक्यावर ओला पंचा, अंगात ओली बंडी. पुढे मी मास्तर झालो, तेव्हाही वर्गात माठ माझ्या खुर्चीशेजारी असे.

लग्नाचं वय झालं तसं आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात एका वकिलांकडे मुलगी पाहायला गेलो. वकिलांनी उलटतपासणी घ्यावी तसं विचारलं, "व्यसन? व्यंग?"

"व्यसन नाही," मी म्हणालो. "दात बसवलेले आहेत. आणि मला घाम येत नाही."

बैठक खदखदून हसली. वकीलसाहेब म्हणाले, "मंग तं मास्तर, धोब्याचं कामच नाही तुमच्या घरी."

आई म्हणाली, "हसू नका. माहा भाऊ यानंच गेला." पण पोहे आले होते आणि पोह्यांपुढे कोण ऐकतो? पोहे घेऊन आलेली मुलगी मात्र हसली नाही. तिनं सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग उन्हाळ्यात काय करता तुमी?"

"ओला राहतो."

"बरं," ती म्हणाली. लग्न ठरलं.

आमचे बाबा भिक्षुक. त्यांची ख्याती अशी, की एकदा काढलेला मुहूर्त ते हलवत नसत. "पंचांगात ऊन लिहिलेलं नसतं," हे त्यांचं वाक्य निम्म्या जिल्ह्याच्या यजमानांनी ऐकलं होतं. माझ्यासाठी त्यांनी मुहूर्त काढला तो वैशाखातल्या भर दुपारचा. त्या दिवशी गोरजमुहूर्तही होता, पण दुपारचा अधिक शुद्ध.

आई म्हणाली, "अहो, शिजवून राहिले का पोराले?"

"स्वतःच्या पोरासाठी मुहूर्त हलवला तं उद्या यजमान काय म्हणतीन?"

अशा रीतीनं मी सासऱ्यांनी शिवून दिलेला गरम काळा कोट घालून बोहल्यावर उभा राहिलो. आतली बंडी आईनं भिजवून दिली होती. मोर्णा नदीच्या पुलावरून वरात मांडवात पोचेपर्यंत ती खडखडीत वाळली. मधे अंतरपाट, पलीकडे नवरी. मांडवातला प्रत्येक माणूस घामानं निथळत होता. माझे कान तापले, मग डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं. कोसळलो तर काय होणार ते मला ठाऊक होतं. मेलो तर प्रश्नच मिटला, पण वाचलो तर नवऱ्याला फिट येते म्हणत वकील मुलगी घेऊन घरी जाणार.

आणि मंगलाष्टकं काही संपेनात. नवरीच्या आत्याबाईंनी स्वतः रचून आणली होती. त्यात वकिलांनी जिंकलेल्या एका खटल्याचाही उल्लेख होता. कडवं संपलं की त्या पदरानं गळा पुसत आणि नव्या दमानं पुढचं धरत.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. नवरीनं त्या वेळी बोलायचं नसतं. ती बोलली.

"मामा, अंतरपाट ओला करा. त्याइले घाम येत नाही."

आत्याबाई थांबल्या. मुलीकडचे भटजी पुटपुटले, "स्वस्तिक पुसलं जाईन, अपशकुन होईन." नवरीचे मामा पाण्याचा तांब्या उचलून तसेच उभे राहिले. मांडवातल्या सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सूर्याकडे. मुहूर्त ते हलवणार नव्हते, आणि त्यांनी हलवला नाही.

"ओलेतं वस्त्र सोवळ्यात बसते," ते म्हणाले. "कोण्या शास्त्रात दोष नाही."

मग त्यांनी स्वतः मामांच्या हातातला तांब्या घेऊन अंतरपाटावर ओतला. तो रिकामा झाला तशी आईनं घागर पुढे केली. बाबांनी ती कोटासकट माझ्या डोक्यावर रिकामी केली आणि भटजींना म्हणाले, "हलवा आता, पंख्यावानी."

ते गार वारं अजून माझ्या अंगावर आहे. कुंकवाचं स्वस्तिक ओघळून माझ्या पायांवर आलं. बाबा आत्याबाईंकडे वळून नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमी म्हणा. किती उरले?"

"दोनच," आत्याबाई म्हणाल्या, आणि आणखी किती म्हटली ते विचारू नका. मी ती सगळी उभ्यानं ऐकली.

अंतरपाट दूर झाला. मी नखशिखांत भिजलेलो, अंगभर अक्षता चिकटलेल्या. समोर ती, कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटपत होता. इतकी सुंदर गोष्ट मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. पाहतच राहिलो.

"हार घाला नं," ती हळूच म्हणाली, "काहून थांबले? वाळून जासान."