पहिल्या हाकेची ओ

भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या अंगाला असलेल्या त्या इमारतीत तावड्यांच्या दाराची बेल एकदा वाजवून उपयोग नाही, हे कुरिअरवाल्यांनासुद्धा पाठ झालं होतं. नलिनी तावडे घरातच असायची, बेल तिला स्वच्छ ऐकू यायची, पण ती जागची हलायची नाही. दुसरी बेल झाली की पदराला हात पुसायची. तिसरीला दार उघडून वर हसून म्हणायची, "आलेच की." नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी बहिरी आहे. बहिरी कसली! खालच्या मजल्यावर कोणाचं दूध उतू गेलं तरी तिला कळायचं.

ही खोड माहेरची. मालवणाकडच्या तिच्या गावात तिन्हीसांजेला कोणी नावानं हाक मारली तर एका हाकेला ओ द्यायची नाही, असा दंडक होता. तिची आई सांगायची, "जां एकच साद घालता तां माणूस नाय गो. माणूस तीन येळा साद घालता. तवसर गप रव." घरातल्या एका चुलत आजीनं विहिरीवर पहिल्याच हाकेला ओ दिली आणि आठवडाभरात ती गेली, असं सगळे सांगत. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? आई मात्र नियमाची पक्की. मागच्या परसातून लेकीला बोलवायचं असलं तरी तीन हाका मारणार. "नलेऽ" म्हणायची, एक श्वास थांबायची, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीला नली धावत सुटायची.

आता गंमत अशी की लग्न होऊन मुंबईत आल्यावर या बाईला नोकरी लागली ती टेलिफोन ऑपरेटरची. एका औषध कंपनीच्या बोर्डावर ती निवृत्त होईपर्यंत बसली आणि तिसरी घंटी झाल्याशिवाय एकही फोन तिनं उचलला नाही. एकदा मॅनेजर वैतागून म्हणाला, "अहो मिसेस तावडे, फोनमध्ये काय भूत बसलंय?" ही शांतपणे म्हणाली, "तेच तर बघते ना साहेब."

नवरा मिळाला तोही नेमका उलट्या टोकाचा. चंद्रप्रकाश मालवाहू जहाजावर खानसामा होता. जहाजावर हाक आली की पहिल्याच हाकेला ओ द्यायची, ही त्याची शिस्त. बायकोच्या नियमाची तो मनसोक्त टिंगल करायचा. "तुझ्या तीन हाका होईस्तोवर माणूस तळाला जाईल गं. दर्या थांबतो काय?" ती म्हणायची, "तुमच्या दर्यावर भुतं नसतील." तो म्हणायचा, "भरपूर आहेत. पण ती पण पयल्या हाकेला ओ देतात."

सुट्टीवर आला की तो बंदरांवरून वेचून आणलेले शब्द काढून बसायचा. त्यात 'ओ' त्याची फार लाडकी. स्पेनच्या बंदरात 'ओ' म्हणजे 'किंवा'. मासा ओ मटण, काय पाहिजे बोल. शेजारच्या पोर्तुगालात तीच 'ओ' नामाच्या पुढे नुसती उभी असते, चोपदारासारखी. तुर्कस्तानात 'ओ' म्हणजे तो, तीही आणि तेही. बाई की बाप्या, त्यांना काही पडलेली नाही. जपानात तर चहाच्या आधी 'ओ' लावून चहालासुद्धा मान देतात. हे ऐकून नलिनी म्हणायची, "मग मी काय वेगळं करते? इतकी वर्षं तुम्हाला 'ओ' म्हणूनच हाक मारतेय." यावर तो खूश होऊन दोन्ही हात जोडायचा.

एक गोष्ट मात्र तो पुन्हा पुन्हा सांगायचा. जहाजावर अनंत नावाचा रत्नागिरीचा एक दोस्त होता. कवायतीला सगळ्यांना डेकवर उभं करून नावं पुकारायचे, तेव्हा हा अनंत हमखास खाली पिऊन पडलेला असायचा. गैरहजर सापडला असता तर पुढच्या बंदरावरच उतरवला असता. मग अनंतचं नाव आलं की चंद्रप्रकाश मागच्या रांगेतून आवाज बदलून ओ द्यायचा. "ओ मिळाली की पुकारणारा पुढे जातो," तो म्हणायचा. "ती कोणी दिली ते कोण बघत बसतो?"

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भाड्यानं आणलेल्या हॉस्पिटलच्या कॉटवर हॉलमध्ये तो पडून असायचा. देशोदेशीच्या शब्दांतला एकच त्याच्या तोंडात उरला. ओ.

भूक लागली, ओ. कूस बदलायची, ओ. येणारा-जाणारा त्यातून आपापल्या गावची ओ ऐकायचा. इंजेक्शनला येणारी सिस्टर कोट्टायमची. तिच्याकडे 'ओ' म्हणजे होकार, म्हणून ती खुशाल सुई टोचून मोकळी व्हायची. मुलगी श्रुतिका बोरिवलीला, जावई बंगाली. त्याच्या भाषेत 'ओ' म्हणजे तो किंवा ती. तो बिचारा मागे वळून बघायचा, बाबा कोणाबद्दल बोलतायत म्हणून. नलिनीला या सगळ्याचं हसू यायचं, आणि हसता हसता रडूही.

पण तिन्हीसांजेची ओ निराळी होती.

दिव्याला वात लावायच्या सुमारास चंद्रप्रकाशची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळायची. तिथं कोणी नसायचं. तो क्षणभर कान द्यायचा आणि खणखणीत म्हणायचा, "ओ!" मागणं नाही, तक्रार नाही. त्यानंतर हुश्श करून डोळे मिटायचा. रोजच्या रोज. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या हुबळीच्या बाई एकदा त्या वेळेला घरात होत्या. त्या दचकल्याच. "मावशी, आमच्या कन्नडमध्ये पण कोणी बोलावलं की अशीच 'ओ' देतात," त्या म्हणाल्या. "हे कोणाला तरी उत्तर देतायत हो." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळची वेळ मागून घेतली.

नलिनीला माहीत होतं ते कोणालाच सांगण्यासारखं नव्हतं. कोणीतरी एकदाच हाक मारत होतं, आणि हा जन्माचा खलाशी पहिल्याच हाकेला ओ देत होता. आज ना उद्या ते त्याला घेऊन जाणार होतं. तिनं टीव्ही मोठा लावून पाहिला, खिडक्या बंद करून पाहिल्या, अंगारा लावला, हात जोडले. "देऊ नका हो ओ. माझं एवढं ऐका." तो तिच्याकडे बघून मान हलवायचा, नाही नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. या धावपळीत तिचं स्वतःचं दुखणं बाजूलाच राहिलं. लिफ्ट बंद असली आणि जिना चढावा लागला की तिच्या छातीत कळ यायची. ती म्हणायची, गॅस आहे.

शेवटी एका संध्याकाळी तिनं ठरवलं. दिवा लावला, कॉटच्या कडेला बसली आणि त्याची मान वळायला लागताच त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

त्याचे डोळे मोठे झाले. ओठ गोल व्हायला धडपडू लागले. ती ओ तिला तळव्याला जाणवत होती, गरम. तिनं आणखी जोर केला. आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिला स्वतःला हाक ऐकू आली.

"नलेऽ."

स्वयंपाकघरातून, मोरीच्या बाजूनं. तोंडात पान असल्यासारखा ओला आवाज. श्रुतिकाचा जन्म झाला त्या वर्षी गेलेल्या आईचा.

हाक त्याला नव्हतीच. हाक तिला होती.

एक श्वास गेला.

"नलेऽ गो." आता फ्रिजपाशी. तिच्या छातीत कळ उठली आणि डाव्या हातात उतरू लागली. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला माहेरची आठवण आली, ओल्या मातीचं परस, चुलीचा धूर. तिसरी हाक येणार होती. जे तीन वेळा हाक मारतं ते आपलं माणूस, असं जिनं शिकवलं तीच मारत होती. तिला ओ कशी द्यायची नाही? नलिनीचं तोंड आपोआप उघडलं.

तेवढ्यात चंद्रप्रकाशनं डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. त्या हातात इतका जोर उरलाय हे डॉक्टरलाही ठाऊक नसेल. त्यानं तिचा हात तोंडावरून उपटून काढला आणि डेकवर उभा असल्यासारखा ओरडला, "ओ!"

स्वयंपाकघर गप्प झालं. फ्रिजची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली. तिच्या छातीतली कळ हळूहळू ओसरली.

नलिनीला अनंत आठवला. मागच्या रांगेतून आवाज बदलून दिलेली ओ आठवली. आणि तिला कळलं की हा माणूस इतके महिने रोज तिच्या नावाची ओ देत होता, पहिल्याच हाकेला, ती हाक तिच्या कानापर्यंत पोचायच्या आत, तिला ऐकूसुद्धा येऊ नये म्हणून. आणि आपण त्याचंच तोंड दाबायला निघालो होतो. तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. तो डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

त्यानंतर तिनं त्याला कधी अडवलं नाही. श्रुतिकाला छातीचं सांगितलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळी ती त्याचा हात हातात घेऊन बसायची आणि त्यानं ओ दिली की म्हणायची, "झालं ना? आता चहा घेऊ." असं ते वर्ष काढलं. फाल्गुनात एका सकाळी, झोपेतच, तो गेला.

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसं होती, गावाकडचे, इमारतीतले, चहाची आधणं, पोरांचा दंगा. हाक आली असेल तर त्यात बुडून गेली. मग सगळे पांगले. श्रुतिका तेवढी मागे राहिली. आईला बोरिवलीला न्यायचं ठरलं होतं. बॅगा भरून झाल्या होत्या आणि कॉट न्यायला दुसऱ्या दिवशी माणूस येणार होता. नलिनीनं कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

तिन्हीसांज झाली. तिनं दिवा लावला आणि रोजच्या सवयीनं कॉटच्या कडेला येऊन बसली. गादी गुंडाळून ठेवलेली, नुसत्या लोखंडी पट्ट्या. श्रुतिका आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नलेऽ."

नलिनीनं कॉटची दांडी घट्ट धरली. कोणीच ओ दिली नाही. कोण देणार?

"नलेऽ गो." फ्रिज ओलांडून, दारापाशी. छातीत ओळखीची कळ उठली. तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. पण तिसरी आली की तो हात आपणच बाजूला करणार, हे तिला माहीत होतं. दोन हाकांमधली ती एका श्वासाएवढी जागा सरत आली. तिनं डोळे मिटले.

"ओ!"

कॉटवरून. किंचित धाप लागलेला आवाज. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस, आज दुसरीनंतर पोचला होता. त्याला आता लांबून यावं लागत होतं.

स्वयंपाकघर गप्प झालं. आतून श्रुतिका घडी केलेली साडी हातात घेऊन बाहेर आली.

"आई, ओ कोणाला दिलीस गं? आणि आवाज केवढा घोगरा झालाय तुझा!"

नलिनीनं डोळे पुसले. गुंडाळलेली गादी तिनं उलगडली, पट्ट्यांवर नीट पसरली, चादरीचे कोपरे खोचले.

"कॉटवाल्याला फोन लाव," ती म्हणाली. "उद्या येऊ नको म्हणावं. आणि माझ्या बॅगा उघड."