गावच्या गणपतीपुढे धरलेले कान

माझं वय अठ्ठेचाळीस. त्यातली चोवीस वर्षं विट्याजवळच्या आमच्या गावात गेली, चोवीस तमिळनाडूत सेलमला गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करण्याच्या कामात. तिथं आम्ही परके, इथं ‘मद्रासवाले’. आपण देवाला तरी आपले वाटतो का, अशी शंका मला फार दिवस छळत असे.

माझी मुलगी तेजू तेरा वर्षांची, जन्मानं सेलमची. या मे महिन्यात गावी येताना तिनं बजावलं होतं, “अप्पा, या वेळी कोणी हसलं तर मी पुन्हा येणार नाही.” ती बोलते ते करते, म्हणून मी धास्तावलो होतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बहिणीच्या मुलांबरोबर गावच्या गणपतीला गेलो. तिकडच्या रिवाजाप्रमाणे तेजूनं हात एकमेकांवरून नेऊन कान धरले आणि देवापुढे उठाबशा काढू लागली. पोरं खिदळली. “गृहपाठ न्हाई केला व्हय गं?” तेजू थांबली, माझ्याकडे बघू लागली. सेलमला दर चतुर्थीला मीही तेच करतो. पण सभामंडपात ओळखीची माणसं होती. मी पुटपुटलो, “तिकडची सवय आहे तिची.” तिचे डोळे भरले.

तेवढ्यात दर्शनाला आलेली एक म्हातारी पुढं आली. “हसताय काय रं? देवाम्होरं कान धरायला लाज कसली? माझ्या तर लय चुका हायत. बाय, मला शिकीव.”

“उजव्या हातानं डावा कान, आजी.”

म्हातारीनं कशाबशा दोन काढल्या. “गुडघं न्हाई म्हणत्यात गं. ऱ्हायलेल्या तू काढ माझ्या नावानं!” तेजू हसली.

ती कोण, हे मी नंतर विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. कुणाची पाहुणी असेल. मी जास्त शोध घेतला नाही.

इतकी वर्षं मी देवाकडे एकच मागत होतो, मला कुठल्या तरी एका ठिकाणचा कर. त्या सकाळी काही मागितलं नाही. सगळ्यांदेखत कान धरले आणि खाली वाकलो. तेजू तमिळमध्ये मोजू लागली, तिच्यामागून भाचरं ओरडू लागली, “ओण्णु! रेंडु! मूणु!” मी पाचावर थांबणार होतो. पोरांनी अकरापर्यंत नेलं. मी उठत होतो, बसत होतो, आणि गणपतीला एवढंच म्हणत होतो, तू म्हणशील तिथला मी.