खोळा भरायचा राहिला

माझ्या पायांचं कौतुक आयुष्यात एकदाच झालं, आणि तेही ते सुजले तेव्हा. मला आठवा महिना लागला होता. चपला पायात जात नव्हत्या, पाटल्या मनगटात रुतत होत्या आणि सकाळी आरशात पाहिलं की कुणीतरी जाड, अनोळखी बाई माझ्याकडे बघत असायची. सासूबाई मात्र खूश होत्या. घरात कुणी बाई आली की त्या मला ओट्यावर बोलावून घ्यायच्या, साडी घोट्याच्या वर धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "दखा व माय, कसं अंग भरनं शे! आंडोरच व्हई." आंडोर म्हणजे मुलगा. बायका माना डोलवायच्या. एखादी बोटानं नडगी दाबून बघायची. दाबलेल्या जागी खळगा पडायचा आणि तो तसाच राहायचा. बाजारात भेंडी मोडून बघावी तशा त्या मला बघून जायच्या, आणि जाताना माझ्यासाठी आणलेलं लोणचं, पापड, खारवलेली बोरं ठेवून जायच्या.

आमचं घर शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. केळी, ऊस, कापूस, दारात पांढरी गाडी. ती गाडी रोज सकाळी धुतली जायची, पुसली जायची आणि तिच्यावर पुन्हा कापड घातलं जायचं. हे मी मुद्दाम सांगते आहे. नंतर लोक हळहळून म्हणतात की खेड्यात सोय नसते, काय करणार. आमच्याकडे सोय होती. पुलावरून नंदुरबार जवळ होतं. घरात सगळे शिकलेले होते. नवरा तर शेतकीचा पदवीधर. नसलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे अक्कल, आणि तिची उणीव त्या घरात कुणाला कधी जाणवली नव्हती.

अंगणवाडीत तपासणीला नर्सबाई यायच्या. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, दाब बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग मला डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काही चमकतं का, असं विचारलं. दोन्ही होत होतं. त्या माझ्याबरोबर घरी आल्या आणि सासऱ्यांना स्पष्ट बोलल्या, "दाब फार वाढलाय. झटका येऊ शकतो, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे. हिला आजच नंदुरबारला न्या." सासऱ्यांनी अतिशय नम्रपणे सगळं ऐकून घेतलं. नर्सबाईंना चहा दिला, सोबत केळीचे वेफर दिले, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवायला स्वतः गेले. परत आले आणि झोपाळ्यावर बसले. आमच्याकडे एखाद्याचं न ऐकायचं असेल तर त्याला आधी चहा पाजतात.

आता अडचण काय होती ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ती सांगितल्याशिवाय कळणारच नाही. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्या महिन्यात सासरी खोळा भरतात, म्हणजे पाटावर बसवून सुनेच्या पदरात गहू, नारळ, सुपारी घालतात. तो भरलेला पदर घेऊन ती तशीच उठते आणि माहेरून न्यायला आलेल्या माणसाबरोबर निघते. मागे वळून बघायचं नाही, उंबऱ्याच्या आत परत पाऊल टाकायचं नाही. खोळा भरल्याशिवाय पहिलटकरणीनं गावची शीव ओलांडायची नाही. माझ्या सातव्यात भावकीतली एक म्हातारी गेली. सुतक आलं, खोळा राहिला. आठव्यात खोळा भरत नाहीत, अशुभ असतं. म्हणजे नवव्याची वाट बघायची. तोवर मी शीव ओलांडू शकत नव्हते आणि नंदुरबारचा दवाखाना शिवेच्या पलीकडे होता. दवाखाना बांधणाऱ्यांनी आमच्या सोयीचा विचार केला नव्हता.

सासूबाईंचं म्हणणं याहून सोपं होतं. "पाय तं सुजतसच. मन्हा बी सुजना व्हतात. तू उगी ऱ्हाय." नर्सबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, त्यावर त्यांनी नुसती मान फिरवली. पोटुशी सुनेला अळणी वाढतात हे बाहेर कळलं तर घराची काय अब्रू राहणार. त्या दिवशी माझ्या ताटात नेहमीपेक्षा एक पापड जास्त होता.

मी आईला फोन केला. आई रडली, रडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, आणि फोन तिनं वडलांना दिला. माझे वडील म्हणजे सभ्य माणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला दुखावलं नाही, असं सगळे सांगतात. ते म्हणाले, "त्यास्नं बोलावनं येऊ दे बेटा. आपन आपला मनथून कसं येवानं? त्यास्ले वाईट वाटई."

मग सासऱ्यांनी आपल्या याहींना, म्हणजे व्याह्यांना, फोन लावला. तो मी झोपाळ्यामागच्या खोलीतून पूर्ण ऐकला, कारण सासरे फोनवर असे बोलतात की ज्याला फोन केलाय त्याला तो न करताही ऐकू यावं.

"याही, तुम्ही सांगशात तसं करूत. आंडेर तुमनी शे."

पलीकडून वडील काय बोलले असतील ते मला पाठ होतं. लेक आता तुमची आहे, तुम्ही सांगाल तसं.

"नही नही, असं कसं? पयलं बायतपन तुमनं. तुमना मान शे."

असं चाललं. पाऊसपाणी झालं, केळीचा भाव झाला, कुणाच्या तरी साखरपुड्याचं निघालं. शेवटी दोघांनी एकमेकांना पुन्हा एकदा सगळे अधिकार देऊन टाकले आणि फोन ठेवला. ठरलं काहीच नाही. सासरे समाधानानं झोपाळ्यावर रेलले. त्यांच्या मते विषय फार चांगला हाताळला गेला होता. आजही कुणी मला सांगितलं की अमुक माणूस फार नम्र आहे, तर मी त्या माणसापासून दोन हात लांब बसते.

नवऱ्याबद्दल काय लिहू. तो वाईट नव्हता. रात्री माझ्या कपाळाला बाम चोळायचा, पाय दाबून द्यायचा आणि म्हणायचा, "बाबासंगे बोलस ना मी." बोलला मात्र नाही. आमच्या केळीला ठिबक होतं. एक दिवस तो जेवायला बसला होता आणि शेतातून सांगावा आला की फिल्टर तुंबलाय, दाब वाढलाय, नळी फुटायच्या बेतात आहे. हा भरल्या ताटावरून उठला. हातसुद्धा धुतला नाही, तसाच मोटारसायकलवर बसून गेला. मी दारात उभी होते. माझाही दाब वाढला होता, मलाही कुणीतरी फुटायच्या आधी बघायला हवं होतं. पण मी केळीची बाग नव्हते. परत आल्यावर तो आनंदात होता, सगळं वेळेवर सापडलं म्हणाला. मी त्याला ताट पुन्हा गरम करून दिलं, हे आठवलं की मला माझीही किळस येते.

मग ती सकाळ उजाडली. उठले तेव्हा छातीखाली पोटात आवळल्यासारखं दुखत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे थांबतच नव्हते. ओट्यावर गेले तर एकाचे दोन दिसायला लागले, झोपाळ्यावर सासरेही दोन. एकच असह्य होता, तिथे दोन. मी खांब धरला. सासूबाई अंगणात बायकांबरोबर कापसाच्या सरकीचं काही बोलत होत्या. गाडी धुऊन उभी होती, कापड अजून घातलं नव्हतं. आणि पोटातलं पोर, जे रोज सकाळी लाथा मारायचं, ते त्या दिवशी गप्प होतं. मी पोटावर हात ठेवून वाट बघितली. ते हललं नाही.

मी घाबरले. खरं सांगायचं तर इतकी घाबरले की लाज उरली नाही. इतके दिवस मी त्यांच्याकडून परवानगी मागत होते. आता माझ्या लक्षात आलं की या माणसांकडे परवानगी नावाची चीजच नाही, ती त्यांनी एकमेकांना देऊन टाकली आहे. यांना माणसाचं सांगितलेलं कळत नाही, रीत तेवढी कळते. मी देवघराजवळचा पाट उचलला आणि अंगणाच्या मधोमध टाकला. कोठीतून सुपात गहू घेतले, देवापुढचा नारळ घेतला. पाटावर बसले, पदर पसरला आणि माझ्या हातानं माझा खोळा भरला.

अंगणातल्या बायका पाटाभोवती गोळा झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "हाई काय करी ऱ्हायनी तू?" मी सुपातले शेवटचे गहू पदरात झटकले, पदराला गाठ मारली, उठले आणि जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसले. दार ओढून घेतलं.

आता त्यांची पंचाईत झाली. खोळा आठव्यात भरला म्हणून अशुभ, स्वतःच्या हातानं भरला म्हणून महाअशुभ, पण भरला होता. चार बायकांनी बघितला होता. आणि भरलेल्या खोळ्याची बाई पुन्हा उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. मला दम देऊन, समजावून, हात धरून आत नेण्याचा मार्गच बंद झाला होता. सासरे झोपाळ्यावरून उठले, बसले, पुन्हा उठले. नवरा माझ्याकडे बघत होता, मग बापाकडे बघत होता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आते काय? ने तिले. लोके दखी ऱ्हायनात." माझ्या जिवासाठी गाडी निघाली असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. लोक बघत होते म्हणून निघाली.

सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. एवढं मान्य करायला हवं की वाटभर त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. पण तोंड चालूच होतं. प्रकाशाच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, कारण तापीत नाणं टाकायचं होतं. नवऱ्यानं थांबवली. मागे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभे राहिले. सासूबाईंनी काच खाली केली, नाणं टाकलं, हात जोडले, तापीमाईला सगळी हकीकत सांगितली आणि मग काच वर केली. मी मांडीवर पडल्या पडल्या शिव्या देत होते. त्यांना वाटलं मी जप करते आहे.

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी दाब बघितला आणि नवऱ्याला विचारलं, "कधीपासून आहे हे?" त्यानं बामचं सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानंतर त्या त्याच्याशी बोलल्याच नाहीत, सही घेण्यापुरतं सोडून. मला इंजेक्शन दिलं, ते शिरेतून गेलं तसं अंगभर आग झाली. पोटावर यंत्र ठेवलं आणि धडधड ऐकू आली. पोर होतं. मी इतका वेळ आवळून धरलेला पदर तेव्हा सुटला आणि गहू फरशीभर सांडले. थोड्या वेळात मला आत नेलं आणि पोट फाडून मुलगी बाहेर काढली. आंडोर नाही, आंडेर. अंग इतकं भरूनही.

मुलगी फार लहान होती. तिला रडता आलं, पण धाप लागत होती, म्हणून लगेच वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवली. मला दाखवायलाही थांबले नाहीत. माझा दाब उतरत नव्हता, मला हलायची मनाई होती. पोरगी जगते की नाही हे अजून कुणी सांगत नव्हतं. मी छताकडे बघत पडून होते आणि माझ्या पोटात आता कुणी नव्हतं.

दुपारनंतर माझे वडील आले, सोबत आई. त्यांना बोलावणं गेलं होतं, सासऱ्यांनीच केलं होतं, आता रीतसर होतं. सासरे एव्हाना गावाहून येऊन पोचले होते. दोघं मोठ्या आदरानं भेटले. मग दोघं मिळून वर पोरीला बघायला गेले. हे सगळं मला नंतर माझ्या आईनं सांगितलं, ती त्यांच्या मागेच जिन्यात उभी होती. मुलांच्या खोलीत संध्याकाळी थोडाच वेळ सोडायचे, तेही एकेकाला. दारातल्या बाईनं विचारलं, आधी कोण येतंय.

वडील म्हणाले, "याही, तुम्ही जा. नात तुमनी शे."

सासरे म्हणाले, "असं कसं? पयलं बायतपन तुमनं. पयले तुम्ही."

"नही नही. तुमना मान शे."

आई म्हणाली की ती मागून दोनदा बोलली, मी जाते म्हणाली. पण दोघं व्याही बोलत असताना बाईनं मध्ये बोलू नये, म्हणून कुणी ऐकलं नाही. दोघं दाराशी उभे राहून एकमेकांना हात करत राहिले. मग वेळ संपली आणि त्या बाईनं दार लावून घेतलं.

दोघं खाली आले ते माझ्या खोलीत. अंतर राखून, खाटेच्या पायथ्याशी, शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांचेही चेहरे खरोखर काळजीनं उतरले होते, ते मी नाकारत नाही. सासऱ्यांनी वडलांकडे पाहिलं, वडलांनी त्यांना विचारण्याचा मान दिला, आणि सासऱ्यांनी मला विचारलं,

"कशी शे पोर?"

मी तिला अजून पाहिलं नव्हतं.