दुसरं निंदण

याडी शेतात शिरली की आधी मालकाला बाहेर काढायची, मग तणाला. "तुमी धुऱ्यावर बसा," एवढंच म्हणायची आणि मालक बांधावर जाईपर्यंत खुरपं खाली टेकवायची नाही. आमच्या महागावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना तिनं त्यांच्याच कपाशीतून बाहेर आणून बाभळीखाली उभं केलेलं मी पाहिलं आहे. जन्मभर त्यांनी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यामुळे त्यांना ते जमलंही चटकन.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तिचं खरं नाव आधार कार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. तांड्यातल्या निंदणाऱ्या बायकांची टोळी ती चालवायची. मालकानं बायकांच्या मागं मागं फिरून राहिलेलं तण दाखवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. याडीला ती शिवीसारखी लागायची.

मला हे ठाऊक नव्हतं. नवरा बँकेच्या नोकरीत परगावी, म्हणून शेती मी बघायला लागले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी टोळीमागं चालत गेले आणि केन्याचं राहिलेलं एक तण उपटून तिला दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत माझ्याच हातात ठेवलं.

"बाई, भरोसा नाही तं बोलावलं कायले? तुमीच निंदा. आमी बसतो, पायतो तुमाले."

आणि खरंच सगळ्या बायका झाडाखाली जाऊन बसल्या. शिदोऱ्या सोडल्या. एकीनं मला चटणी हवी का विचारलं. शेवटी मी धुऱ्यावर गेले, तेव्हा टोळी उठली. त्यानंतर आमचं कधी वाजलं नाही.

तिचा दुसरा नियम दुसऱ्या निंदणाचा. पहिलं निंदण जिनं केलं, दुसरं तिचंच. रान कितीही स्वच्छ दिसो, ती ठरल्या वेळी दारात हजर. "बी मातीत राह्यते, बाई. आज दिसत नाही म्हणून नाही म्हणता काय?" तणनाशक फवारणाऱ्यांशी ती बोलायची, पण त्यांच्याकडचा चहा प्यायची नाही.

या बाईच्या पोटात वर्षानुवर्षं जळजळ होत होती. लिंबूपाण्यात सोडा टाकून ती फसफसवून प्यायची, मोठी ढेकर द्यायची आणि "गेलं" म्हणून जाहीर करायची. जळजळ जेवणाआधी परत यायची. जेवण म्हणजे भाकर आणि खारावलेल्या मिरच्या, वर तंबाखू. वजन उतरायला लागलं तेव्हा मी तिला गाडीत घालून यवतमाळला नेलं. तिथे दुर्बिणीनं पोट पाहिलं आणि तिथून आम्हाला नागपूरला पाठवलं. पोटाच्या आतल्या अस्तरावर कर्करोगाचा एक डाग होता. लवकर सापडला होता, म्हणून नागपूरच्या तरुण डॉक्टरांनी पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून तेवढा भाग आतल्या आत सोलून काढला. पोटातल्या जंतूंसाठी गोळ्या दिल्या. मिरच्या आणि तंबाखू बंद केली. तंबाखूची डबी याडीनं माझ्याकडे दिली, मी ती हिंग ठेवायला घेतली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. डाग पूर्ण निघाला आहे. पण बाकीचं अस्तर तेच आहे, झिजलेलं, सुजलेलं. त्यावर दुसरीकडे नवीन डाग येऊ शकतो, गोळ्या घेऊनही. म्हणून दर वर्षी दुर्बीण घालून बघायचं. लवकर दिसला तर पुन्हा असाच काढता येईल. उशीर झाला तर पोट कापायची वेळ येईल, आणि त्याहून उशीर झाला तर कापूनही उपयोग नाही. याडी तेव्हा गुंगीतून उठत होती. तिनं नेमकं एकच वाक्य ऐकलं: पूर्ण निघाला आहे.

वर्ष झालं. दवाखान्याचा फोन आला. नंबर माझा दिलेला होता. मी तांड्यावर निरोप घेऊन गेले.

"कायले?" याडीनं विचारलं.

"बघायला. पुन्हा काही आलं आहे का ते."

"त्यानं साफ केलं ना?"

"केलं."

"मंग मी त्याच्या मागं मागं फिरू काय? इथं राह्यलं का, तिथं राह्यलं का? इतकं चांगलं पोरगं. त्याले काय वाटंन?"

मी समजावलं. तिच्या मुलानं समजावलं. सुनेनं तर दोन दिवस चूल वेगळी मांडायची धमकी दिली. याडी ढिम्म. आपलं काम कोणी तपासलं तर किती लागतं, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तो घाव ती डॉक्टरांवर घालणार नव्हती. उलट तिनं माझ्या हाती त्यांच्यासाठी तुरीची डाळ पाठवायचं काढलं, सोबत निरोप, की आमचा तुमच्यावर पूर्ण भरोसा हाय.

मी डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले, मग गंभीर झाले. "त्यांना सांगा, मीच बोलावतोय."

मी सांगितलं. याडीनं मान डोलावली. "भला माणूस. आपल्या तोंडानं कसा म्हणंन, नका येऊ म्हणून?"

यापुढं बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं होतं. मी घरी आले आणि दुसऱ्या निंदणाची वाट पाहिली.

ठरल्या वेळी याडी दारात. मी म्हटलं, "यंदा दुसरं निंदण नको. रान स्वच्छ आहे. पहिल्यांदा तू मुळासकट काढलंस ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दारूबिरू पिऊन बोलते आहे. मग माझ्या मनगटाला धरून सरळ शेतात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मला स्वतःहून कपाशीत घेऊन गेली. खाली बसली, खुरप्यानं माती हलकेच खरवडली. दोऱ्यासारखे पांढरे कोंब निघाले.

"हे काय हाय?"

"म्हणजे तू राहू दिलंस."

"म्या नाही राहू दिलं." ती खरंच चिडली. "माहं काम साफ होतं. हे नवं हाय. ह्या जागी तवा काहीच नव्हतं. मातीच तशी हाय, बाई, त्याले मी काय करू? आत्ता हातानं निंघते. महिनाभर थांबा, मंग खुरपं बी नाही चालत."

"बरं," मी म्हटलं. "डॉक्टरही हेच म्हणतात."

ती उकिडवी बसून राहिली. कोंब चिमटीत होता. मी तिला फसवलं होतं हे तिला कळलं, आणि ते रागावण्यासारखं आहे की नाही, याचा ती विचार करत असावी.

"आज निंदण हाय," शेवटी म्हणाली. "उद्या चलू. तुमी धुऱ्यावर बसा."

तिचा मुलगाही सोबत आला. यवतमाळ मागं पडल्यावर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आन निंघालं तं?"

"निघालं तर काढतील."

"काढण्यासारखं नसलं तं?"

"तर पोट कापावं लागेल. काही आठवड्यांचाच उशीर आहे, फार नाही. पण आत काय आहे ते मला सांगता येणार नाही."

"बरं हाय, तुमी गोड बोलून नाही राह्यल्या," ती म्हणाली आणि बॅगेतली डाळीची पिशवी नीट आहे का ते पाहिलं.

दवाखान्यात तिनं आधी मुलाला खोलीबाहेर काढलं, मग मला. दार लागता लागता आतून तिचा आवाज आला. ती डॉक्टरांना सांगत होती, "कडंकडंनं पाय, बापा. कडंलेच राह्यते. घाई नोको करू, मी काही मागं येऊन नाही राह्यली."

नवा डाग निघाला. छोटा, जुन्या जागेपासून दूर. तुकडा तपासून आला आणि पुढच्याच आठवड्यात डाग दुर्बिणीतूनच काढला. काढल्यावर डॉक्टर पलंगाशी आले. बिचारे ओशाळल्यासारखे दिसत होते. "याडी, हा नवा होता. मागच्या वेळचा मी पूर्ण काढला होता."

याडीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुहं काम साफ होतं, पोरा. मातीच तशी हाय."

त्यानंतर तिनं एकही वर्ष चुकवलं नाही. दुसरं निंदण आटोपलं की नागपूर. मला आठवण करायची वेळ आली नाही, उलट माझीच गाडी पंक्चर निघाली तर मला बोलणी बसली. टोळीतली कोणी सोड्याचं पाणी फसफसवताना दिसली, की याडी तो पेला हातातून काढून घ्यायची आणि तिला यवतमाळची गाडी दाखवायची. पेल्यातलं पाणी ती बांधावरच्या तणावर ओतायची, त्यानं काही होत नाही हे माहीत असून.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. रात्री झोपली, सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

यंदा पावसाळ्यात दवाखान्याचा फोन नेहमीसारखा माझ्याकडे आला. फोनवरची मुलगी म्हणाली, "आजींची तपासणी आहे, उपाशीपोटी आणा."

"त्या गेल्या," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "पोटानंच का?"

"नाही. हृदयानं. डॉक्टरांना आठवणीनं सांगा, पोटात काही नव्हतं. नाहीतर त्यांना उगाच वाटत राहील."

फोन ठेवून मी शेतात गेले. टोळी आता याडीची सून चालवते. बायका दुसऱ्या निंदणाला लागल्या होत्या आणि माझं पाऊल सवयीनं कपाशीकडे वळलं. सुनेनं खुरपं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी धुऱ्यावर जाऊन बसले.