माधुरीचं चौथं प्रकरण

माधुरी वानखेडेने पीएचडीला नाव नोंदवलं त्याला इतकी वर्षं झाली होती की नातेवाइकांनी विचारणंही सोडून दिलं होतं. घाटकोपरला आई सोनूबाई आणि भाऊ सम्यक यांच्याबरोबर ती राहायची, मुलुंडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची. माहुलच्या मासळी विकणाऱ्या बायकांवरचा तिचा प्रबंध चौथ्या प्रकरणात रुतून बसला होता. मुलाखती झालेल्या, टिपणं झालेली. लिहायला बसलं की हात चालायचा नाही.

स्टाफरूममधल्या सुयोगने तिला एक इंग्रजी पुस्तक दिलं, संशोधकांनी भराभर कसं लिहावं याचं. "वाच ना यार, माझी तर गाडी सुसाट सुटली," तो म्हणाला.

माधुरीने ते वाचलं, मग तसलंच दुसरं, मग मोबाइलवर व्हिडिओ. अर्धा वेळ त्यातच जायला लागला. सगळ्यांचं म्हणणं एकच: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसा, दार लावून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. माधुरीकडे दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथे आई झोपायची. पहाटे उठावं तर पाणी यायची तीच वेळ. सुयोगचं घर त्याची बायको बघायची; घर कोणी बघायचं, याचा पुस्तकात कुठे उल्लेख नव्हता. माधुरीने केलेलं वेळापत्रक आठवड्याभरात कोलमडलं. आधी नुसता थकवा होता, आता वर अपराधीपणा आला.

त्याच वर्षी सोनूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. एक दिवसाआड डायलिसिस. सम्यकची शिफ्टची नोकरी, त्यामुळे सोबत माधुरीच जायची. मशीन सुरू झालं की दुपार होईस्तोवर नळ्यांतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत बसायचं.

एकदा सोनूबाई वैतागल्या. "माझ्याकडं काय बघत बसतेस? मी काय पळून जाणार हाय? तुझं ते लिही ना."

माधुरीने लॅपटॉप मांडीवर घेतला. वाईट का होईना लिहून टाका, दुरुस्ती नंतर करा, असं पुस्तकात होतं. तिने लिहिलं. मशीन मध्येच किंचाळायचं, नर्स यायची, वाक्य अर्धं राहायचं. पण पानं साठू लागली. ठरलेली वेळ, ठरलेली जागा. सल्ला खोटा नव्हता, आणि हे कळल्यावर तिला कसंतरीच झालं. आपल्याला बसायला खुर्ची मिळावी म्हणून आई तिथे झोपली आहे, असं वाटायचं.

"झालं का गं चौथं?" सोनूबाई घरी जाताना रिक्षात विचारायच्या.

"होईल, आई."

ते होण्याआधीच सोनूबाई गेल्या.

आता वेळच वेळ होता. स्वयंपाकघर रिकामं, दार लावता येत होतं. माधुरी त्याच वेळेला बसायची आणि पडद्याकडे बघत राहायची. अडचणी आल्यास काय करावं, यावर पुस्तकात एक प्रकरण होतं. दीर्घ श्वास घ्या, असं त्यात सुरुवातीलाच होतं. तिने पुस्तक मिटलं.

काही महिन्यांनी तिच्या मार्गदर्शक सपना मॅडमचा फोन आला. "कुठपर्यंत आलीस?"

"अर्धंच झालंय, मॅडम. पुढचं सुचत नाही."

"अर्धं तर अर्धं. घेऊन ये. इथे बसून लिही."

शनिवारी माधुरी मॅडमच्या घरी जाऊ लागली. मॅडम टेबलाच्या एका टोकाला पेपर तपासायच्या, दुसऱ्या टोकाला ती लिहायची. मधेच तिला रडू यायचं. मॅडम उठून चहा टाकायच्या. असं करत प्रबंध संपला, तोंडी परीक्षाही झाली. सम्यकने पेढे आणले. कॉलेजात मात्र ती तासिका तत्त्वावरच राहिली. जागा निघाली की बघू, असं प्राचार्य म्हणाले.

यंदा विभागात दिशा नावाची नवी मुलगी शिकवायला आली. तिचीही पीएचडी चाललेली. "ताई, कुठलं पुस्तक वाचू गं? माझी पार वाट लागलीय."

"कुठलंही वाच, पण एकच. वाईट का होईना लिहायचं, एवढं त्यातलं खरंय. बाकी सोबत बसणारं कुणीतरी शोध."

"कोण बसणार माझ्यासोबत?"

दिशाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. पुढच्या तासाची घंटा झाली. "शनिवारी ये माझ्याकडे," माधुरी म्हणाली. जिना चढताना तिला वाटलं, रविवार घरकामातच जातो, आठवड्यात झोपायला तोच एक दिवस होता.