काकू, आधी बसा

यामिनी जन्मापासून बडबडी. चिंचवडच्या शाळेत बाई तिला वर्गाबाहेर उभं करत, तर ती खिडकीतून बोलत राही. पुढे सिडनीला शिकायला आली, कॅफेत कॉफ्या केल्या, विम्याचे फोन घेतले, पीआर म्हणजे कायमचा रहिवास मिळाला आणि शेवटी बोलण्याचाच पगार देणारी नोकरी लागली: ट्रिपल झीरो या आणीबाणीच्या नंबरवर ॲम्ब्युलन्स मागणाऱ्यांचे फोन घ्यायची. फक्त तिथे मनातलं बोलायचं नसतं. पडद्यावर प्रश्न येतात, तेच आणि त्याच क्रमाने विचारायचे. कानाला हेडसेट, खोलीला खिडकी नाही, बाथरूमला जायचं तरी आधी बटण दाबून कळवायचं. बडबड्या बाईसाठी याहून नेमका तुरुंग कुणी बांधला नसता.

त्यात शेवट कधीच कळत नाही. पॅरामेडिक दारात आले की फोन बंद, लगेच दुसरा फोन. त्यामुळे यामिनी घरी आली की कुठल्याही सिनेमाचा शेवट आधी बघते. नवरा यतिन रस्ता चुकला तर त्याला विचारते, “सर, आपण नेमके कुठे आहात?” मागच्या सीटवरून मुलगी नुपूर म्हणते, “मम्, नॉट द वर्क व्हॉइस.”

एका रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, गिरावीन उपनगरातून फोन आला. भास्कर नावाचे गृहस्थ, अतिशय अदबशीर इंग्रजी. त्रास दिल्याबद्दल आधी माफी मागितली. बायकोला बहुधा ॲसिडिटी झाली होती, जरा पांढरी पडली होती, पण ॲम्ब्युलन्स कदाचित नकोच. फोन लावला होता भीतीने आणि बोलत होते लाजेने.

मागे बाळ रडत होतं, भांडी वाजत होती आणि एक बाई चक्क मराठीत म्हणत होती, “अहो, ठेवा तो फोन. बारशाला आलेले लोक काय म्हणतील? पुऱ्या व्हायच्यात अजून.”

यामिनीने छातीत दुखतंय का, हा पडद्यावरचा प्रश्न विचारला. आतून खणखणीत नकार आला. आता हे पित्ताच्या रांगेत टाकलं की गाडी सवडीने येणार. हृदयाच्या रांगेत टाकायचं तर काहीतरी हाती लागायला हवं. तिने भास्करना फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि सरळ मराठीत सुरू झाली. सुपरवायझरने मान वळवून पाहिलं. यामिनीने पाहिलं नाही.

मराठी ऐकून आतल्या काकू खूश झाल्या. त्यांच्याकडे प्रत्येक तक्रारीचं कारण तयार होतं. जबडा दुखतोय, ती दाढ आहे. पाठ भरून आली, सकाळपासून उभी आहे. घाम आलाय, शेगडीपाशी येणारच. मळमळतंय, ते तेलाच्या वासाने. यामिनी एकेक तक्रार टिपत गेली. इतक्या तक्रारींची इतकी वेगवेगळी कारणं एकाच वेळी खरी नसतात.

“काकू, दुखणं सोडा. छातीवर काही ठेवल्यासारखं वाटतंय का?”

झाऱ्याचा आवाज थांबला.

“पाटा ठेवल्यासारखं वाटतंय खरं,” काकू म्हणाल्या. “पण दुखत नाही हं.”

यामिनीची बोटं कीबोर्डवर धावली. गाडी सायरन लावून निघाली. मग सुरू झालं खरं अवघड काम, ते म्हणजे एका मराठी बाईला भरल्या घरात बसवणं. काकू म्हणाल्या, एवढा घाणा काढते. यामिनी म्हणाली, काकू, आधी बसा. काकू म्हणाल्या, बाळाच्या आत्याचं पान वाढायचंय. यामिनी म्हणाली, काकू, आधी बसा. ते स्वयंपाकघर तिच्या घरापासून गाडीने जवळ होतं, आणि ती इथे एका वायरीला बांधलेली. उठून गॅस बंद करता येत नव्हता, हात धरता येत नव्हता. होता तो फक्त आवाज.

शेवटी खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. ॲलर्जी नाही ना, कुठून रक्त जात नाही ना, हे विचारून तिने ॲस्पिरिन चावायला लावली. भास्करना दारातला चपलांचा ढीग बाजूला करायला पाठवलं, स्ट्रेचर त्यातच अडकलं असतं. काकूंचा श्वास आता जड येत होता.

“तू कुठली गं?” त्यांनी विचारलं.

“चिंचवडची. बोलू नका, काकू.”

“तू बोल मग.”

आयुष्यात पहिल्यांदा यामिनीला काय बोलावं ते सुचेना. तेवढ्यात दारात इंग्रजी आवाज आले आणि फोन बंद झाला.

काकूंचं पुढे काय झालं ते विचारायला बंदी, घरी सांगायला बंदी. महिने गेले, तो पाटा मात्र तिच्याच छातीवर राहिला.

मग एका शनिवारी इंडियन ग्रोसरीत, डाळींच्या रॅकपलीकडून आवाज आला, “अहो, जाड पोहे नकोत, पातळ घ्या.” यामिनीने तो लगेच ओळखला. पलीकडे एक ठेंगणी बाई उभी होती. ओळख द्यायची सोय नव्हती, आणि तोंड उघडलं तर आवाजच ओळख देणार. ती हळदीचं पाकीट मुठीत धरून गप्प उभी राहिली. नुपूरने काळजीने विचारलं, “मम्, यू ओके?” तिने नुसती मान हलवली.

काकूंनी वाकून आट्याची मोठी गोणी उचलायला घेतली.

“काकू, आधी बसा.”

तोंडातून निघूनच गेलं. काकूंचे हात गोणीवरून सुटले आणि त्या मुकाट्याने तांदळाच्या पोत्यावर बसल्या. बसल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“बसले गं बाई,” काकू म्हणाल्या. “आता बोल, चिंचवडला कुठे?”